पोथी आणि आकाश : नांदगावच्या दैवज्ञांची कथा

मार्गशीर्षातील जत्रेची रात्र ज्यांनी लहानपणापासून अनुभवली आहे, त्यांना एक दृश्य निश्चित आठवत असेल. पालखी निघावयास अजून अवकाश आहे, सनई-चौघडा थांबलेला आहे, दीपस्तंभावरील पणत्या एकेक करून मंदावत आहेत आणि अग्रशाळेच्या पायऱ्यांवर वडीलधारी मंडळी शाल पांघरून बसली आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी मान वर करी आणि म्हणे, "मृग माथ्यावर आला, आता उशीर नाही." आणि खरोखरच थोड्या वेळात पालखी उठे. त्या मंडळींपैकी फारच थोड्यांनी ज्योतिषाचे ग्रंथ पाहिले असतील. परंतु आकाश मात्र त्यांना घरच्या अंगणासारखे परिचित होते.

आज आपण तिथी पाहतो ती दिनदर्शिकेत, ग्रह पाहतो ते कुंडलीच्या चौकटीत. डोळ्यांनी ग्रह पाहिलेला महाजन शोधूनही सापडणे कठीण झाले आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्याच कोकणपट्टीतील दोन थोर पुरुषांची, एका पित्याची व त्याच्या पुत्राची, कथा वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे, ते या कारणासाठी. त्यांनी पाचशे वर्षांपूर्वी जे सांगून ठेवले ते आपल्या सणावारांच्या मुळाशी आहे, आणि तरीही आपण ते विसरलो आहोत.

आकाश पाहावयाचे तर आपल्या प्रदेशात ते हिवाळ्यातच. ज्येष्ठ ते भाद्रपद आभाळ मेघांनी झाकलेले असते. वैशाखात समुद्रावरची वाफ तारे पुसट करते. कार्तिकी पौर्णिमेला त्रिपुर पाजळला की आकाश स्वच्छ होते आणि माघ संपेपर्यंत तसेच राहते. याच काळात संध्यासमयानंतर पूर्वेकडून कृत्तिकांचा पुंजका, तांबूस रोहिणी, मृगाचे तीन ठळक तारे, तेजस्वी व्याध, पुनर्वसूची जोडी, पुष्य आणि मघा अशी रांगच्या रांग वर येते. आपल्या महिन्यांची नावे काय सांगतात पाहा. कार्तिकात पूर्णचंद्र कृत्तिकांच्या आसपास, मार्गशीर्षात मृगापाशी, पौषात पुष्यापाशी आणि माघात मघांपाशी असतो. म्हणजे महिन्याचे नाव हीच एक जुनी नोंद आहे, आणि ती नोंद कोणीतरी रात्री उघड्यावर उभे राहून केलेली आहे.

या नक्षत्रांच्या वाटेनेच ग्रहही चालतात. गुरू सुमारे बारा वर्षांत एक फेरी पुरी करतो, म्हणून तो एका राशीत साधारण एक वर्ष राहतो. तो सिंहेत आला की नाशिकास सिंहस्थ भरतो. शनीस फेरीला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून एका राशीत त्याचा मुक्काम अडीच वर्षांचा, आणि तीन राशी मिळून साडेसाती. गुरू किंवा शुक्र सूर्याच्या इतका जवळ गेला की दिसेनासा होतो, तेव्हा आपण त्याचा अस्त मानतो व विवाहमुहूर्त थांबवतो. सूर्यापासून किती अंशांवर कोणता ग्रह दिसू लागतो, याचे आकडे जुन्या सिद्धान्तांत दिलेले आहेत. गुरूसाठी ते अकरा अंश आहेत. ज्या विषयावर घरातील लग्ने आणि देवाचे उत्सव अवलंबून, तो विषय मुळात डोळ्यांनी पाहण्याचा होता, एवढेच येथे ध्यानी घ्यावे.

माझ्या आजोबांनी मला पहिला धडा दिला तो पौषातील एका संकष्टीला. पंचांगात चंद्रोदयाची वेळ पाहून मी अंगणात उभा राहिलो. वेळ झाली, परंतु पूर्वेच्या डोंगरावर चंद्राचा पत्ता नव्हता. नैवेद्याची ताटे वाढून ठेवलेली, आणि पोटात भूक. मी रागाने म्हणालो, "आजोबा, पंचांग चुकले." ते शांतपणे म्हणाले, "पंचांग चुकले की डोंगर आड आला, हे आधी ठरव. मग बोल." चंद्र वीसएक मिनिटांनी वर आला. आकाश एका तासात पंधरा अंश फिरते, तेव्हा पाच अंश उंचीचा डोंगर वीस मिनिटांचा उशीर सहज करतो, हा हिशेब मला पुष्कळ वर्षांनी कळला. परंतु ग्रंथ आणि डोळे यांत अंतर पडले की त्याचे कारण शोधावे, आरडाओरड करू नये, हे मात्र मी त्या रात्रीच शिकलो.

पुढे लिसेवात शिकत असताना कॉस्मोग्राफीच्या तासाला गालिलेओची हकीकत कानी आली. १६०९ च्या हिवाळ्यात पादुआ शहरी त्याने आपली दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि चंद्रावरील डोंगर व दऱ्या पाहिल्या. ७ जानेवारी १६१० रोजी त्याला गुरूच्या शेजारी एका रेषेत तीन बारीक तारे दिसले. रात्रीमागून रात्र ते जागा बदलीत होते, आणि १३ जानेवारीला चौथाही दिसला. ते गुरूभोवती फिरणारे चंद्र होत, हे ओळखून त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याने व्हेनिस येथे ग्रंथ छापला. हे ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न उभा राही. आमच्या भागात त्या काळी आकाशाकडे कोणी पाहत होते काय? आमच्या भटजींच्या पोथ्या कोणी लिहिल्या, आणि लिहिताना त्याने वर पाहिले होते काय?

या प्रश्नाचे उत्तर मला नोकरीतून निवृत्त झाल्यावर मिळाले, आणि ते शोधावयास एक तंटा कारणीभूत झाला. एका वर्षी एका देवस्थानच्या उत्सवाच्या तिथीवरून महाजनांच्या सभेत मतभेद झाला. मेजावर दोन पंचांगे उघडून ठेवलेली होती. एकात ती तिथी सूर्योदयानंतर काही पळे शिल्लक होती, दुसऱ्यात ती सूर्योदयापूर्वीच संपत होती. त्यामुळे एकाप्रमाणे उत्सव आज, तर दुसऱ्याप्रमाणे काल. एक पक्ष म्हणे, "वाडवडिलांचे पंचांग सोडणे म्हणजे परंपरा सोडणे." दुसरा म्हणे, "चुकीच्या दिवशी केलेला उत्सव देवाला कसा पावेल?" सभेचा वृत्तान्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. दोन्ही बाजू मी प्रामाणिकपणे लिहून काढल्या. जुने स्नेही एकमेकांशी न बोलता घरी गेले. वृत्तान्त पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की, चंद्राच्या स्थानावरून दोन तास वाद झाला, परंतु त्या आठवड्यात चंद्र कोणत्या नक्षत्रापाशी होता हे सभेतील एकाही माणसाने, आणि मीही, पाहिले नव्हते.

तेव्हापासून मी ग्रंथालयात बसून जे वाचले, त्यात मुख्य ग्रंथ कैलासवासी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास'. हा १८९६ साली प्रसिद्ध झाला. दीक्षित हे रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे, पेशाने शिक्षक, आणि अवघे पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभलेले. त्यांच्या ग्रंथातून मला नांदगावचा पत्ता लागला.

हे नांदगाव म्हणजे जंजिऱ्याच्या मुरूडजवळील, समुद्रकाठचे, सिद्धिविनायकाच्या देवळामुळे अनेकांना ठाऊक असलेले गाव. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे केशव दैवज्ञ नावाचे विद्वान राहत होते. शके १४१८, म्हणजे इसवी सन १४९६ मध्ये त्यांनी 'ग्रहकौतुक' हा ग्रंथ रचला आणि त्यावर स्वतःच टीका लिहिली. त्या काळी ग्रहगणिताचे तीन मुख्य पक्ष होते : सूर्यसिद्धान्ताचा सौरपक्ष, आर्यभटाचा आर्यपक्ष आणि ब्रह्मगुप्ताचा ब्राह्मपक्ष. प्रत्येकाचे अनुयायी आपलाच पक्ष खरा मानीत. केशवांनी वादात न पडता आकाशाकडे पाहिले. बुध आणि शुक्र यांच्या स्थानांत या पक्षांमध्ये मोठे अंतर पडते, आणि शनी तर गणिताने येणाऱ्या जागेपेक्षा आकाशात पाच अंश पुढे दिसतो, असे त्यांनी आपल्या टीकेत नमूद केले आहे.

त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रहाचा उदय आणि अस्त तर त्यांनी पाहिलाच, परंतु त्यासोबत ग्रह आणि तारा यांची जवळीक, तसेच ग्रह आणि ग्रह यांची जवळीकही पाहिली. चंद्र रोहिणीला केव्हा भिडला, गुरू मघेच्या तारकेजवळून केव्हा गेला, हे पाहावयास क्षितिज लागत नाही. माझ्या आजोबांचा डोंगर येथे आड येत नाही! रोहिणी, मघा, कृत्तिका ही ग्रहांच्या वाटेवरील मैलाचे दगडच होत, आणि त्यांपैकी बहुतेक दगड हिवाळ्याच्या रात्री आपल्या माथ्यावर असतात. वेळ मोजावयास घटिकापात्र, नेम धरावयास पोकळ नळी, आणि बाकी सारा भार डोळ्यांवर व चिकाटीवर.

केशवांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. काळ जाईल तसे हे अंतर वाढत जाणार. म्हणून पुढे येणाऱ्या चांगल्या गणकांनी नक्षत्रयोग, ग्रहयोग, उदय आणि अस्त पाहून त्या त्या काळाची स्थिती ठरवावी व गणितात कमीजास्त करावे, असे त्यांचे सांगणे आहे. स्वतःच्या ग्रंथाला अखेरचा शब्द न मानणारा ग्रंथकार विरळा.

तो 'पुढे येणारा गणक' त्यांच्या घरातच जन्मला. केशवपुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचले. ते त्यांनी अगदी कोवळ्या वयात लिहिले असे परंपरा सांगते. पुढे त्यांनी तिथी सुलभपणे काढण्यासाठी 'तिथिचिंतामणी' आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली. चाबकाच्या दांड्यासारख्या साधनावर सूर्याची छाया पाडून वेळ सांगणाऱ्या प्रतोदयंत्राचेही त्यांनी वर्णन केले. ग्रहलाघवाचा मोठा गुण म्हणजे त्यात ज्या आणि चाप यांचे अवघड गणित टाळले आहे. अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र मानून मोठमोठ्या संख्यांचे ओझे कमी केले आहे. खेड्यातील ज्योतिषीही त्यावरून ग्रह मांडू शकत असे. म्हणूनच मल्लारी व विश्वनाथ यांच्यासारख्यांनी त्यावर टीका लिहिल्या, आणि महाराष्ट्र, कोकण, गुजरात, तसेच पुढे इंदूर-ग्वाल्हेरपर्यंत पंचांगे त्यावरून होऊ लागली. आपल्या पूर्वजांनी सण पाळले ते बहुतांशी या नांदगावच्या पुत्राच्या आकड्यांवर.

आता त्या ग्रंथाच्या आरंभीच्या एका श्लोकातील आशय पाहू. गणेश दैवज्ञ सांगतात : सूर्य आणि चंद्राचे उच्च सौरपक्षाचे घ्यावे, चंद्र सौरपक्षाचा, परंतु नऊ कला कमी करून, गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे, बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे, शनी आर्यपक्षाचा, परंतु पाच अंश वाढवून, शुक्राचे केंद्र ब्राह्म व आर्य यांच्या मधोमध. अशा रीतीने घेतल्यास ग्रह डोळ्यांना दिसतात तेथेच गणिताने येतात.

माझे आयुष्य कचेरीत गेले. रोजकीर्द आणि खतावणी जुळवणे, आणि संध्याकाळी वहीतील शिल्लक व पेटीतील शिल्लक ताडून पाहणे, हा माझा रोजचा व्यवसाय. हा श्लोक वाचला तेव्हा मला तो आमच्याच धंद्यातील वाटला. येथे तीन वह्या आहेत, तिन्ही आदरणीय आहेत, आणि तिघींतील शिल्लक वेगवेगळी आहे. गणेश दैवज्ञांनी एकही वही फाडली नाही, किंवा एकीलाच देव्हाऱ्यात बसवले नाही. त्यांनी पेटी उघडून नाणी मोजली. कोणती रक्कम कोणत्या वहीतून घेतली, कोठे किती कमी केले, कोठे किती वाढवले, हे शेऱ्यासह स्वच्छ लिहून ठेवले. चूक खोडरबराने पुसावयाची नसते. ती लाल शाईने दुरुस्त करून खाली सही करावयाची असते, हे चांगल्या कारकुनास ठाऊक असते.

त्या दुरुस्त्या किती मोठ्या होत्या? पूर्ण चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश भरते. तेव्हा शनीचे पाच अंश म्हणजे दहा चंद्र शेजारी शेजारी ठेवल्याइतके अंतर. शनी अडीच वर्षांत तीस अंश चालतो, म्हणजे महिन्याला सरासरी एक अंश. पाच अंशांची चूक म्हणजे शनीच्या राशिप्रवेशात सुमारे पाच महिन्यांची चूक! साडेसाती मोजणाऱ्यांनी याचा विचार करावा. याउलट चंद्राच्या नऊ कला ही अगदी बारीक गोष्ट, चंद्रबिंबाच्या तिसऱ्या भागाहूनही लहान. परंतु चंद्र आणि सूर्य यांतील अंतर तासाला सुमारे तीस कलांनी वाढते. त्यामुळे नऊ कलांनी तिथीचा अंत सुमारे अठरा मिनिटांनी, म्हणजे पाऊण घटिकेने सरकतो. तिथी सूर्योदयाला आहे की नाही, हे कित्येकदा या पाऊण घटिकेतच ठरते. आमच्या त्या सभेत ज्या काही पळांवरून स्नेही दुरावले, त्या पळांचे मूळ अशाच कलांत होते.

पित्याप्रमाणेच पुत्रालाही आपल्या कामाची मर्यादा ठाऊक होती. जुन्या आचार्यांचे गणित त्यांच्या काळी खरे होते, कालांतराने ते सैल पडले व इतरांनी ते पुन्हा जुळवले, तेही सैल पडले तेव्हा केशवांनी जुळवले आणि नंतर आपण. आपलेही सैल पडेल तेव्हा पुढच्यांनी आकाश पाहून जुळवून घ्यावे, असा त्यांच्या सांगण्याचा भाव आहे. म्हणजे ग्रंथांची परंपरा ही दुरुस्तीची परंपरा होती.

याच काळात आपल्या गोव्यात काय चालले होते, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १६१८ च्या ऑक्टोबरात लिस्बनहून आलेल्या जहाजातून काही जेझुइट पाद्री गोव्यास उतरले. ते चीनकडे निघाले होते. त्यांत रोममधील विद्वान मंडळाचा, गालिलेओही ज्याचा सभासद होता त्या मंडळाचा, सभासद योहान श्रेक हा होता व त्याच्यापाशी दुर्बीण होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात धूमकेतू दिसले. त्यांचे वेध या मंडळींपैकी किर्विट्झर याने गोव्यातून घेतले आणि ते १६२० साली युरोपात छापले गेले. गालिलेओची हकीकत ऐकून मला पडलेल्या प्रश्नाचे एक उत्तर असे आमच्याच भूमीवर मिळाले. ज्या महिन्यात जुन्या गोव्यात हे वेध चालले होते, त्याच महिन्यात कोकणातील गावोगावचे जोशी ग्रहलाघवावरून पुढच्या वर्षाचे पंचांग मांडीत असतील. दोन्ही ज्ञाने शेजारी शेजारी होती, परंतु त्यांची गाठ पडली नाही. ती पुढे शतकानंतर अन्यत्र पडली. जयपूरचे सवाई जयसिंह यांनी पाद्री मानुएल द फिगेरेदु यांच्यासमवेत आपली माणसे पोर्तुगालला पाठवून युरोपातील नवी कोष्टके मागवली. ती आली तेव्हा राजाने ती डोळे झाकून स्वीकारली नाहीत. आपल्या वेधांशी ताडून पाहता त्या कोष्टकांतील चंद्र अर्ध्या अंशाने चुकतो, असे त्यांनी नोंदवून ठेवले. पोथी संस्कृतातील असो वा लॅटिनमधील, तिची परीक्षा आकाशातच व्हावयाची.

आपल्याकडे मात्र पुढील तीनशे वर्षांत नांदगावकरांचा ग्रंथ राहिला आणि त्यांची शिकवण मागे पडली. ग्रहलाघव पाठ करणारे पुष्कळ झाले, ग्रहलाघवाप्रमाणे रात्री आकाश पाहणारे थोडे. जुन्या सिद्धान्तातील वर्षमान प्रत्यक्षाहून सुमारे साडेआठ पळांनी, म्हणजे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. ही चूक वर्षाला क्षुल्लक वाटते, परंतु हजार वर्षांत ती सव्वादोन दिवसांच्या वर जाते. ग्रहांच्या गतींतही अशाच लहान लहान चुका साठत गेल्या.

लाल शाई पुन्हा हाती घेतली ती केरो लक्ष्मण छत्रे यांनी. पुण्याच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या केरोपंतांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून, पटवर्धनांच्या आश्रयाने, प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाई. लोकमान्य टिळक हे त्यांचेच शिष्य. पुढे वेंकटेश बापूजी केतकर यांनी 'ज्योतिर्गणित' व 'केतकी ग्रहगणित' लिहून आधुनिक आकड्यांना जुन्या संस्कृत करणग्रंथांचे रूप दिले. हे केतकर बागलकोट येथील शाळेत शिक्षक होते. एक शिक्षक मुरूडचा, दुसरा कर्नाटकातला. साध्या पगाराच्या या माणसांनी आपल्या पंचांगाचा पुनरुद्धार केला, याचा माझ्यासारख्या कारकुनास विशेष अभिमान वाटतो.

या सुधारणेला विरोध कडवा झाला. 'शास्त्र सोडले' हाच आरोप होता. त्यात भर म्हणून सुधारकांतही एकमत नव्हते. ग्रह कोठे दिसतो हे सर्वांना मान्य. परंतु राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, रेवतीच्या तारकेपासून की चित्रेच्या समोरील बिंदूपासून, यावर दोन पक्ष पडले. या दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. म्हणूनच टिळक पंचांगाप्रमाणे मकरसंक्रान्त १० जानेवारीच्या सुमारास येते, तर इतरत्र १४ किंवा १५ जानेवारीस. आणि अधिक महिनाही कधी कधी वेगळा पडतो. सूर्य उत्तरेकडे वळतो तो मात्र २२ डिसेंबरच्या सुमारास, हे कोणीही सावली मोजून पाहावे. शेवटी १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. राष्ट्रीय पंचांगात चित्रापक्ष स्वीकारला आहे. आता बहुतेक छापील पंचांगे प्रत्यक्षाशी जुळणारे गणितच वापरतात.

मग तंटे का उरले? चंद्र कोठे आहे याबद्दल आज दुमत नाही. उरलेला भेद आरंभबिंदूचा, स्थानिक सूर्योदयाचा, किंवा धर्मशास्त्रातील निर्णयाचा असतो. तो सभेत बसून, समजुतीने मिटवण्यासारखा आहे. परंतु ज्याने आकाश पाहिलेच नाही त्याला कोणता भेद आकाशातला आणि कोणता माणसांतला हे कळत नाही, आणि मग पंचांग बदलणे म्हणजे देव बदलणे असे त्याला वाटू लागते. "वाडवडिलांचे पंचांग" म्हणून ज्यासाठी त्या सभेत आवाज चढले, त्या पंचांगाच्या मूळ पुरुषांनीच ते तपासून बदलावे असे सांगितले होते. त्यांची आज्ञा पाळणे ही परंपराच आहे.

२१ डिसेंबर २०२० च्या सायंकाळी गुरू आणि शनी पश्चिमेस इतके जवळ आले होते की त्यांच्यामध्ये अवघे सहा कलांचे, चंद्रबिंबाच्या पाचव्या भागाएवढे अंतर उरले. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते, आणि १६२३ मध्ये ते सूर्यानजीक असल्याने नीट दिसण्याजोगे नव्हते. महामारीमुळे त्या वर्षी देवळात गर्दी नव्हती. घरातील दोन मुलांना घेऊन मी प्रांगणाच्या कठड्याशी उभा राहिलो. माझ्या थकलेल्या डोळ्यांना तो एकच तारा दिसला. मुले म्हणाली, "दोन आहेत, आजोबा. मोठा खाली, बारीक वर." मी खिशातील पंचांग काढून त्यांना त्या दिवशीची गुरु-शनि युती दाखवली. धाकट्याने एकदा पुस्तकाकडे, एकदा आकाशाकडे पाहिले आणि म्हणाला, "बरोबर लिहिले आहे." पाचशे वर्षांपूर्वी नांदगावच्या किनाऱ्यावर ज्या तपासणीसाठी एका पित्याने रात्री घालवल्या, ती तपासणी त्या मुलाने अर्ध्या मिनिटात केली. त्याच्या पाठीशी केवढे श्रम उभे आहेत हे त्याला पुढे कळेल. हे दोन ग्रह पुन्हा २०४० साली एकत्र येतील. ती मुले तेव्हा कर्तीसवरती झालेली असतील.

महाजन बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे. येत्या कार्तिकापासून माघापर्यंत, जत्रेला किंवा पालखीला जमाल तेव्हा मुलांना घटकाभर दिव्यांपासून दूर, प्रांगणाच्या कडेला न्यावे. हात लांब करून धरला असता करंगळीची रुंदी सुमारे एक अंश, मधल्या तीन बोटांची पाच अंश आणि मुठीची दहा अंश भरते. एवढे साधन पुरे. चंद्र आज रोहिणीपासून किती बोटे आहे, उद्या किती, हे त्यांना मोजू द्यावे. न लुकलुकणारा तेजस्वी तारा दिसला तर तो गुरू की शुक्र हे आधी त्यांना ओळखू द्यावे आणि मग पंचांग उघडावे. पंचांग जुळले तर त्यांचा त्यावरील विश्वास डोळस होईल. जुळले नाही, तर चूक पंचांगाची की आड आलेल्या डोंगराची, हे शोधावयास त्यांना शिकवावे.

केशव आणि गणेश या पितापुत्रांचे स्मारक आपण दुसरे काय उभारणार? त्यांनी मागितले होते तेही एवढेच होते की, नंतरच्यांनी वर पाहावे.